खोल सागरतळावरील एकपेशीय जीवांचा जनुकीय अभ्यास

सागरतळाच्या गाळात राहणाऱ्या एकपेशीय जीवांची नाती, जातिभेद व प्रसार त्यांच्या डीएनए-आरएनएवरून ठरविण्याचा अभ्यास. येथे मुख्यतः फोरॅमिनीफेरा या, बहुधा कवच असलेल्या एकपेशीय जीवांच्या गटाचा विचार केला आहे.

या अभ्यासाने निकालात काढलेला एक जुना वाद झेनोफायोफोर जीव कोणत्या गटात मोडतात याविषयीचा आहे. गाळाचे कण चिकटवून हे जीव कवच बांधतात. पेशी एकच असली, तरी काही जातींचे कवच २० सेंमी.पर्यंत वाढते. १८८३ मध्ये हेन्री ब्रेडी यांनी त्यांतील सिरिंगामिना या प्रजातीला फोरॅमिनीफेरांच्या जवळचे मानले. एर्न्स्ट हेकेल यांनी १८८९ मध्ये अशाच काही जीवांची गणना स्पंजांत केली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्झ शुल्ट्झे यांनी त्यांचा स्वतंत्र गट केला आणि ओले टेंडाल यांच्या १९७२ च्या ग्रंथातही तो कायम राहिला.

केवळ कवच पाहून हा प्रश्न सुटणे कठीण होते. डीएनए मिळविणेही सोपे नाही. कवचात इतर फोरॅमिनीफेरांची रिकामी कवचे चिणलेली असतात. आत साठलेल्या मलगोळ्यांत जीवाणू असतात. सगळा तुकडा कुटला, तर हाती येणारा डीएनए बहुतांशी परकाच निघण्याचा धोका असतो. म्हणून कवच फोडून सूक्ष्मदर्शकाखाली जीवद्रव्याचे बारीक धागे वेचून काढतात, आणि मग रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने बनविणाऱ्या घटकाच्या) लहान उपघटकाचे जनुक वाचतात. २००३ मध्ये सिरिंगामिना कॉर्बिक्युला या जातीचे हे जनुक फोरॅमिनीफेरांच्या एककक्षी (कवचात एकच कप्पा असलेल्या) शाखांत बसले. तो निष्कर्ष एका जातीच्या एका जनुकावर उभा होता, हे खरे. पण पुढे तपासलेल्या अन्य प्रजातींनीही त्याला दुजोरा दिला. ब्रेडींचे मत ग्राह्य धरणेच सयुक्तिक ठरते.

प्रसाराबाबतचे निष्कर्षही लक्षणीय आहेत. उथळ पाण्यातील एकसारख्या दिसणाऱ्या फोरॅमिनीफेरांत जनुकीय दृष्ट्या अनेक जाती दडलेल्या आढळतात. याउलट एपिस्टोमिनेला एक्सिग्वा या खोल पाण्यातील जातीचे आर्क्टिक व अंटार्क्टिक नमुने सु. १७,००० किमी. अंतरावरचे असूनही जवळजवळ अभिन्न निघाले (२००७).

मृत जीवांचा डीएनए गाळात दीर्घकाळ टिकतो. दक्षिण अटलांटिकच्या गाळात तो सु. ३२,५०० वर्षांपूर्वीचा मिळाला आहे. त्यामुळे जिवंत समूहाच्या गणनेसाठी लवकर नष्ट होणारा आरएनए अधिक विश्वसनीय मानतात.