फ्रेजल व्हर्ब

फ्रेजल व्हर्ब म्हणजे इंग्रजीतलं एखादं साधं क्रियापद आणि त्याच्या शेपटीला लावलेला अप, ऑफ, आउट, आफ्टर असला बारका शब्द, आणि दोघांचा मिळून बऱ्याचदा तिसराच अर्थ. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर, पण गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, हार मानणे. आमच्या कराडच्या भाचीने आठवीत पेपरात सरळ "वर देणे" लिहिलेलं, आणि मार्क गेल्यावर मलाच विचारते, मामा यात लॉजिक काय? मी म्हटलं, पहाटे डोळा लागला म्हणतेस तेव्हा डोळ्याला नेमकं काय लागतं गं? मग गप्प बसली.

खरं सांगायचं तर आपलं "लागणे" बघितल्यावर इंग्रजीला नावं ठेवायला तोंडच राहत नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नाद लागतो आणि शेवटी वाटही लागते. त्यात परत खाऊन टाक, बोलून बसला, पळून गेला हे वेगळंच. इंग्रजीतलं अप कितीतरी वेळा आपल्या "टाक"चं काम करतं, म्हणजे ईट अप म्हणजे खाऊन टाक, युज अप म्हणजे वापरून संपवून टाक. सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चढतं ते गो अप, तिथं अप म्हणजे खरोखर वर, पण जतकडं उन्हाळ्यात विहीर आटते ते ड्राय अप, तिथं वर-खाली काही नाही, पार आटली एवढंच.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच, त्यामुळे आपल्याला जमत नाही यात लाजायचं काही नाही. फ्रेजल व्हर्ब हे नाव मात्र बरंच नंतरचं, लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली ते छापलं आणि त्यांना ते सुचवलेलं ऑक्सफर्ड डिक्शनरीचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

पाठ करताना गोंधळ होतो तो जवळजवळच्या जोड्यांचा. मार्केट यार्डात हळदीचे सौदे सोमवारऐवजी गुरुवारी ठेवले तर ते पुट ऑफ, आणि सौदेच रद्द झाले तर कॉल ऑफ. लुकचं तर अख्खं खानदान आहे, हरवलेली चावी शोधायची तर लुक फॉर, म्हातारीकडं बघायचं तर लुक आफ्टर, तक्रारीत लक्ष घालायचं तर लुक इंटू, डिक्शनरीत शब्द बघायचा तर लुक अप. म्हणून लिस्ट घोकण्यापेक्षा एकेक प्रसंग डोळ्यापुढं ठेवून अख्खं वाक्य पाठ केलेलं टिकतं, निदान माझं तरी तसंच टिकलं.

एक नियम मात्र खरंच कामाचा आहे. टर्न ऑफ द फॅन चालतं, टर्न द फॅन ऑफ पण चालतं, पण फॅनच्या जागी इट आलं की त्याला मधेच बसवावं लागतं, टर्न इट ऑफ, टर्न ऑफ इट म्हणायचं नाही. लुक आफ्टर मात्र फोडता येत नाही, तिथं 'तिला'चं हर शेवटीच येणार, लुक आफ्टर हर. तीन शब्दांचेही असतात, गॅस संपला की रन आउट ऑफ गॅस, सहन करायचं तर पुट अप विथ. आणि अर्जाच्या शेवटी आपण लुक फॉरवर्ड टू मीट यू ठोकून देतो, तिथं मीटिंग यू पाहिजे.

लॉगिन, चेकअप, फॉलोअप हे शब्द तर आपण मराठीतच धरतो, ती याच क्रियापदांची नामं. नाम असलं की जोर पहिल्या शब्दावर, क्रियापद असलं की दुसऱ्यावर.

आपल्याकडच्या दोन खास चुका. कोप अप विथ असं काही नाही, नुसतं कोप विथ. दुसरं पासआउट. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असल्यामुळं पासिंग आउट परेड घराघरात माहिती, आणि सैन्याच्या ट्रेनिंगला तो शब्द बरोबरच आहे. पण कॉलेज संपवलेला पोरगा बाहेरच्या कंपनीच्या इंटरव्ह्यूत आय पास्ड आउट म्हणाला तर भारताबाहेरच्या बऱ्याच जणांना वाटतं हा चक्कर येऊन पडला, तिथं ग्रॅज्युएटेड म्हणावं.