स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांचे ‘मॅचिंग’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

इंदूरच्या जेल रोडवर घरासाठी स्पीकर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात पहिल्यांदा वॅट विचारतात, आणि नंतर, विचारलेच तर, ओहम, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या रोधाचे माप. ‘आठ ओहमच्या ॲम्प्लिफायरला आठ ओहमचा स्पीकर, मॅचिंग झाले’ एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. हे उत्तर व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या, काळात अक्षरशः खरे होते. पुढे यंत्र बदलले, शब्द मात्र तोच राहिला, आणि आजचा बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

सुरुवातीला ही जुळणी ग्राहकाच्या वाट्याला येतच नव्हती. जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 साली कागदी शंकूला जोडलेल्या, चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलणाऱ्या कॉईलच्या स्पीकरवर निबंध प्रसिद्ध केला. आजच्या बहुतेक स्पीकरांचा हा पूर्वज होय. त्याला पुरेल इतकी शक्ती तेव्हाच्या रेडिओत नसल्यामुळे त्यांनी सुमारे 1 वॅटचा ॲम्प्लिफायरही स्वतःच बांधला आणि तो पेटीत स्पीकरसोबतच बसवला.

आकाशवाणीचे इंदूर केंद्र 1955 साली सुरू झाले, तेव्हा येथील मराठी घरांतल्या फळीवर जो व्हॉल्व्ह रेडिओ असे, त्यातही हीच सोय होती. व्हॉल्व्हला आपली शक्ती बाहेर देण्यासाठी काही हजार ओहमचा भार, म्हणजे समोर जोडलेला रोध, लागतो. ईएल84 या प्रचलित व्हॉल्व्हसाठी तो साधारण 5,200 ओहम धरत. स्पीकरची कॉईल मात्र चार-आठ ओहमची असते. ही तफावत मिटवण्याचे काम मधला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर करीत असे. चार ओहमचा स्पीकर असेल तर व्हॉल्व्हच्या बाजूला स्पीकरच्या बाजूच्या सुमारे 36 पट वेढे दिले की व्हॉल्व्हला तोच स्पीकर 5,200 ओहमचा भासे. वेगळ्या स्पीकरासाठी ट्रान्सफॉर्मरला 4, 8 आणि 16 ओहमची निरनिराळी टोके काढलेली असत, आणि योग्य टोकाला योग्य स्पीकर जोडणे म्हणजे मॅचिंग. त्या काळी हा नियम मोडला की शक्ती घटे आणि आवाज फाटे.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि हळूहळू हा ट्रान्सफॉर्मर गेला. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध बहुधा ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. त्याच्याशी बरोबरी करणारा स्पीकर कोणी बनवत नाही आणि बनवण्याची गरजही नाही. ॲम्प्लिफायर ठरलेला व्होल्टेज देतो आणि स्पीकर लागेल तेवढा प्रवाह ओढतो. त्यामुळे ‘आठ ओहम’ हा आकडा येथे बरोबरीचा राहिला नाही. ॲम्प्लिफायर किती खालच्या ओहमपर्यंत तग धरील, त्याची ती मर्यादा झाली. आमच्या घरी एका लग्नात काकांनी आठ-आठ ओहमचे दोन-दोन स्पीकर एकाच टोकाला समांतर जोडले. भार चार ओहमवर आला, प्रवाह दुप्पट झाला आणि वरात निघण्यापूर्वीच ॲम्प्लिफायर तापून बंद पडला. शिवाय स्पीकरवर छापलेला ओहमचा आकडा हा नाममात्र असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्यक्ष रोध त्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरात तो 6.4 पर्यंत उतरू शकतो, आणि अनुनादापाशी, म्हणजे शंकू ज्या कंपनसंख्येला आपणहून सर्वांत सहज डोलतो तेथे, तोच कित्येक पटींनी चढतो.

या चढण्याचा परिणाम जुन्या रेडिओच्या आवाजात ऐकू येत असे. काळी एक पट्टीतला मंद्र पंचम सुमारे 104 हर्ट्झचा असतो. स्पीकरचा अनुनाद त्याच्या आसपास असला आणि ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध मोठा असला, तर तेवढाच भाग फुगतो आणि डग्ग्याचा घुमारा लांबतो. ज्या शहरात उस्ताद अमीर खाँ वाढले, त्या शहरातील श्रोत्यांनी त्यांच्या मंद्रातील विलंबित आलापीचा ‘भरदारपणा’ म्हणून जे मनात साठवले आहे, त्यात थोडा वाटा या फुगवट्याचाही असावा असे मला वाटते.

दुकानात आधी वॅटच विचारले जातात, तो वॅटचा मोह निर्माण होण्याला वेगळेच कारण घडले. 1954 साली एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. मोठ्या कपाटाएवढ्या स्पीकरांना तो उत्तम पर्याय होता, पण त्याची किंमत संवेदनशीलतेत, म्हणजे दिलेल्या शक्तीत स्पीकर किती मोठा आवाज काढतो त्यात, मोजावी लागली. 1 वॅटला, 1 मीटरवर 96 डेसिबल देणाऱ्या स्पीकरला जेथे 1 वॅट पुरतो, तेथे 86 डेसिबलच्या स्पीकरला 10 वॅट लागतात. पुढे नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पेटीचे आकारमान, खर्ज आणि कार्यक्षमता यांचा हिशेब गणितात बसवला. या तिन्ही गोष्टी मनासारख्या एकत्र मिळत नाहीत, हे त्यामुळे सर्वांनाच मान्य करावे लागले.

ग्राहकाला मात्र वॅटचाच आकडा दिसत राहिला. अमेरिकेत 1974 साली जाहिरातीतील वॅट सलग चालणाऱ्या शक्तीत सांगण्याचा नियम झाला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचे, शेकड्यांतले आकडे छापले जात, ज्यांच्यामागे एकमान्य मोजमाप नव्हते. संवेदनशीलतेच्या आकड्यातही असाच एक पेच आहे: काही कंपन्या ती 1 वॅटऐवजी 2.83 व्होल्टवर देतात. आठ ओहमला ते 1 वॅट होतात, पण चार ओहमला 2, आणि त्यामुळे चार ओहमचा स्पीकर कागदावर 3 डेसिबलने सरस भासतो.

दहा बाय बाराच्या खोलीत शांतपणे गाणे ऐकणाऱ्याचे बहुतेक वेळा 1 वॅटच्या आत भागते. उरलेली शक्ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी राखीव असते. ती अपुरी पडून लहान ॲम्प्लिफायर ताणला गेला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि ट्वीटरकडे, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे, अपेक्षेहून जास्त ऊर्जा जाते; म्हणून ‘मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळला’ अशी जी तक्रार दुरुस्तीवाल्याकडे येते, तिच्यात पुष्कळदा ॲम्प्लिफायर लहानच असतो.