ऑगस्टिनियन घंटा, पणजी

पणजी येथील अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या दर्शनी भागावर टांगलेली ऐतिहासिक घंटा. वजन सुमारे २,२५० किलो. गोव्यातील चर्चच्या घंटांमध्ये आकाराने ही दुसरी. पहिला मान जुने गोवे येथील से कॅथेड्रलच्या सुवर्णघंटेचा.

घंटा मूळची पणजीची नाही. जुने गोवे येथील मोंती सांतु टेकडीवर ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी १५९७ ते १६०२ या काळात अवर लेडी ऑफ ग्रेस हे भव्य चर्च उभारले. ही घंटा त्याची. साथीच्या रोगांनी शहर उठले आणि १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांना हाकलले, तेव्हा मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा मोठा भाग १९३१ मध्ये ढासळला. आज जांभ्याचा अर्धा सुळका तेवढा उभा आहे. घंटा त्याआधीच उतरवली गेली, हे गोव्याचे भाग्यच म्हणायचे. चर्चच्या घंटा काशाच्या ओततात, म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. कथिलामुळे नाद खणखणीत होतो, पण धातू ठिसूळही होतो. एवढ्या उंचीवरून पडलेली घंटा तडकली, की तिचा आवाज कायमचा बसतो.

मठातून निघालेली घंटा काही काळ आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चवर चढवण्यात आली. १८४३ पासून राजधानी पणजीच होती. नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांच्या तळाशी उभे राहून वर पाहिले, की दोन बाजूंच्या मनोऱ्यांच्या मधोमध, सर्वांत उंच कमानीत ती दिसते. कमान आरपार असल्याने घंटेमागे नुसते आभाळ असते.

मराठी वाचकाला पोर्तुगीज घंटा म्हटले, की आधी वसई आठवते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांतलीच. पणजीच्या घंटेने घर बदलले, पण ती चर्चमध्येच राहिली आणि तिचे काम सुटले नाही. ८ डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, चर्चसमोर फेरी, म्हणजे जत्रा, भरते.