उडी मारून खाली येताना

जानेवारीतली सकाळ, साडेसहाची वेळ. नाशिकच्या गंगापूर रोडजवळच्या एका कॉलेजचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. थंडी अशी की पोरी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून ड्रिबल करत होत्या. एकीने रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून परतलेल्या चेंडूसाठी उडी घेतली, दोन्ही हातांनी चेंडू पकडला आणि ती खाली आली. धप्प! मी कंपाउंडच्या भिंतीवर बसले होते, तिथपर्यंत आवाज आला. पुन्हा उडी, पुन्हा धप्प. तिसऱ्या वेळी नीट पाहिलं, तर पाय टेकताक्षणी तिचा डावा गुडघा आतल्या बाजूला झुकत होता. सर ओरडत होते, "अजून वर जा, अजून वर!" ती खाली कशी येतेय याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

रिंग 3.05 मीटर उंच असते, म्हणून सगळ्यांचं लक्ष वर लागलेलं असतं. गुडघा मात्र बहुतेकदा खाली उतरताना, धावता धावता थांबताना किंवा दिशा बदलताना जातो.

त्या आवाजातच गणित दडलेलं आहे. समजा मुलीचं वजन 60 किलो आहे आणि ती 30 सेंटिमीटर उंचीवरून खाली येतेय. पाय टेकल्यावर तिचं शरीर अवघ्या 6 सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर पायांवर सरासरी वजनाच्या सहापट, म्हणजे 360 किलोंचा भार येतो. घोटे, गुडघे आणि खुबे वाकवत ती 30 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर तोच भार वजनाच्या फक्त दुप्पट, म्हणजे 120 किलोंवर येतो. ही झाली सरासरी. एखाद्या क्षणी भार याहूनही वर जातो. त्यात ती एकाच पायावर उतरली, तर सगळा भार त्या एका पायावर. जोरात आवाज आला की समजावं, शरीर फार थोड्या अंतरात थांबलंय.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. खेळाडू त्याला एसीएल म्हणतात. गुडघा आत झुकून पिळवटला की त्याच्यावर ताण येतो. दुखापतींच्या व्हिडिओंचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं, की पाय टेकल्यापासून साधारण 40 मिलिसेकंदांत तो तुटतो. काही दिसल्यावर आपण जाणीवपूर्वक हालचाल करायला साधारण 200 मिलिसेकंद घेतो. म्हणजे गुडघा वाकडा जातोय हे कळून तो सावरायला वेळच नसतो. मांडीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू पाय टेकण्याआधीच आवळून तयार असावे लागतात, आणि ही तयारी सवयीनेच अंगात भिनते. मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. म्हणून एखाद्या कॉलेजच्या जिममध्ये मुलींसाठी वेळच राखून ठेवलेली नसते, तेव्हा मला मनापासून राग येतो. वजनं उचलण्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे.

कुठली वजनं, आणि कशी? पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून आलेल्याला अर्धं उत्तर माहीत असतं. चढताना धाप लागते, उतरताना काहीच वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवर घालत असतो. अशा वेळी तो वजन उचलताना पेलतो त्याहून जास्त भार पेलू शकतो. हाच शरीराचा ब्रेक, आणि तो वेगळा कमवावा लागतो.

आपल्याकडे तालमीतल्या जोर-बैठकांची मोठी परंपरा आहे. मला तिचा आदर आहे. पण झपझप मारलेल्या 200 बैठकांनी दम वाढतो. सहापट भार थोपवण्याची ताकद त्यातून फारशी येत नाही. त्यासाठी खांद्यावर बारबेल, म्हणजे वजनं लावलेली लोखंडी दांडी घेऊन, तीन सेकंद मोजत खाली जाऊन मारलेले पाच-सहा स्क्वॉट, म्हणजे संथ बैठका हव्यात. असे तीन-चार सेट, आठवड्यातून दोनदा. बारबेल नसेल तर गुडघ्याहून कमी उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूहळू जमिनीला टेकवायची. हे करताना समोर आरसा ठेवा, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय ना ते दिसतं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू जाड व्हायला वेळ लागतो. स्नायू हाडाला जोडणारे कंडरे तर त्याहून सावकाश घट्ट होतात. म्हणून महिन्याभरात ताकद आली तरी उड्यांची संख्या एकदम वाढवू नये. गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं अनेकदा तिथूनच सुरू होतं.

धावण्याबद्दलही बोलायला हवं, कारण नाशिक हे धावणाऱ्यांचं गाव. इथल्याच कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक जिंकलं. त्यामुळे इथे कुठल्याही खेळाचा सराव गोदाकाठच्या लांब रनिंगनेच सुरू होतो. बास्केटबॉलचं कोर्ट 28 मीटरचं. फास्ट ब्रेक, म्हणजे चेंडू हाती येताच समोरच्या रिंगकडे घेतलेली धाव, चार-पाच सेकंदांत आटोपतो आणि त्याला लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिन या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या साठ्यातून येते. जोर लावला की हा साठा दहाएक सेकंदांत बराच रिकामा होतो आणि अर्धा मिनिट उसंत मिळाली की साधारण निम्मा भरून येतो. तो भरायला ऑक्सिजन लागतो, म्हणून लांब धावणं वाया जात नाही. पण रोज तेवढंच केलं, तर अचानक थांबण्याचा सराव कधी होणार? कोर्टभर धाव, रेषेवर दोन पायांवर थांब, अर्धा मिनिट चाल, पुन्हा धाव. यात ब्रेकही तयार होतो आणि दमही.

उतरणं, थांबणं, एका पायावर तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद यांचा पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित केला, तर एसीएलच्या दुखापती साधारण निम्म्याने घटतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसलं आहे. त्याला पैसा लागत नाही.

आणि नाशिकच्या संघांसाठी पावसाळा ही त्याची उत्तम वेळ. जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टावर पाणी साचतं, शेवाळ धरतं, सराव बुडतो, पोरं घरी बसतात. एखाद्या रिकाम्या वर्गात बाक बाजूला सरकवले तरी एका पायरीवर संपूर्ण संघाचे गुडघे तयार होऊ शकतात. सरांनी डोळे मिटून उतरण्याचा आवाज ऐकायचा. आवाज आला की तीच उडी पुन्हा घ्यायची.