रबरी ठशांची हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे

रबराच्या किंवा पारदर्शक पॉलिमरच्या ठशाला शाई लावून तो जाड कागदावर उमटवायचा, उमटलेले चित्र रंगवायचे किंवा कापून घ्यायचे आणि भोवती कागदाचे थर, घड्या, जाळ्या मांडून शुभेच्छापत्र तयार करायचे, अशी ही हस्तकला आहे. चित्रकलेशी तिचे नाते दूरचे. येथे रेषा दुसऱ्या कुणाची असते. रंग, जागा, कागद आणि मजकूर यांची निवड मात्र करणाऱ्याची. त्यामुळे चित्र काढता न येणारी माणसे या छंदात मोठ्या संख्येने आढळतात आणि त्यांतली काही फार चांगले काम करतात.

इतिहास : छापील शुभेच्छापत्र आणि रबरी शिक्का या दोन्ही वस्तू मुळात हाताचे काम वाचवण्यासाठी निघाल्या. ब्रिटनमध्ये 1840 साली एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली आणि पत्रांचा ओघ वाढला. ही टपालव्यवस्था उभी करण्यात ज्यांचा हात होता त्या हेन्री कोल यांना नाताळात येणाऱ्या प्रत्येक पत्राला स्वतंत्र उत्तर लिहिणे जड जाऊ लागले, तेव्हा 1843 साली त्यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून एक चित्र करून घेतले आणि ते छापून घेतले. पहिले व्यापारी नाताळकार्ड ते हेच. गंमत अशी की रंगीत छपाई तेव्हा रुळलेली नसल्याने या छापील कार्डांत रंग हातानेच भरावे लागले.

शिक्क्याची कथाही कार्यालयीन आहे. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 साली गंधक आणि उष्णता यांच्या साह्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. 1844 साली त्यांना तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात कडक होणारे रबर या व्हल्कनीकरणामुळे आकार धरून राहू लागले आणि 1860 च्या दशकात अमेरिकेत रबरी शिक्के तयार होऊ लागले. ते पहिल्यांदा कोणी केले यावर अनेकांनी हक्क सांगितला आहे. तारीख, सही, ‘पैसे मिळाले’ असे तेच ते शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा घालवणे एवढेच त्यांचे काम होते. पुढे हौशी मंडळींनी याच अवजाराने एका कार्डावर तासचे तास घालवायला सुरुवात केली.

कागदकामाची बाजू अधिक जुनी. अमेरिकेतील वूस्टर गावी एस्थर हाउलंड यांनी 1840 च्या दशकाअखेरीस कागदी जाळीची प्रेमपत्रे करून विकायला सुरुवात केली. जाळीखाली भडक रंगाचा कागद सरकवून नक्षी उठून दिसेल अशी त्यांची रचना असे. घरी मैत्रिणींना बसवून एकीने कापायचे, दुसरीने चिकटवायचे अशी कामाची वाटणी त्यांनी केली. हा व्यवसाय त्यांनी 1881 साली विकला. थरांवर थर देऊन खोली आणण्याची जी पद्धत आजच्या कार्डांत सर्रास दिसते, ती हाउलंड यांच्या कामात स्पष्ट ओळखू येते.

शिक्क्याला कार्यालयाबाहेर काढले ते कलावंतांनी. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांनी 1919 च्या सुमारास कचेरीतले शिक्के वापरून चित्रे केली. 1960 च्या दशकात अमेरिकी कलावंत रे जॉन्सन आणि त्यांच्याभोवती जमलेल्या टपालकला-मंडळींनी लिफाफे आणि चिठ्ठ्या शिक्क्यांनी भरून एकमेकांना पाठवल्या. त्यानंतरच्या दोन दशकांत खास चित्रांचे ठसे बाजारात आले. 1988 साली सुरू झालेल्या ‘स्टॅम्पिन अप’ या अमेरिकी कंपनीने घरगुती बैठकांतून प्रात्यक्षिक दाखवून ठसे विकण्याची पद्धत मोठी केली आणि छंदाचा प्रसार दुकानापेक्षा जेवणाच्या टेबलावर जास्त झाला. जपानमध्ये याच्या शेजारचीच एक कला बहरली, खोडरबर कोरून केलेले ठसे. स्तंभलेखिका नॅन्सी सेकी टीव्हीवरील प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे असे कोरून आपल्या लेखांसोबत छापत. ऑक्टोबरचा पहिला शनिवार ‘जागतिक कार्डनिर्मिती दिन’ म्हणून 2006 पासून पाळला जातो. तो एका हस्तकला-मासिकाने सुरू केला.

ठसे : रबरी ठशासाठी आधी चित्राची उठावदार धातूची पट्टी करतात, ती उष्णता व दाब देऊन एका कडक फलकात दाबतात आणि त्या खोलगट साच्यात कच्च्या रबराचा पत्रा घालून सुमारे 150 अंश सेल्सियसला दाबून ठेवतात. दहाएक मिनिटांत रबर पक्के होते. मग ते फोमच्या पातळ गादीवर आणि लाकडी ठोकळ्यावर बसवतात. पारदर्शक ठसे द्रवरूप फोटोपॉलिमरवर अतिनील प्रकाश पाडून घडवतात. ते पातळ असतात, ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला आपसूक चिकटतात आणि आरपार दिसत असल्याने नेमके कुठे उमटणार हे आधीच कळते. जागा कमी लागते, किंमतही कमी. तरी बारीक रेघ आणि वर्षानुवर्षांचा वापर यांसाठी रबरच सरस, असे जुने कारागीर सांगतात आणि ते खरेही आहे. नव्या पारदर्शक ठशावर कारखान्यातला एक निसरडा थर राहिलेला असतो. त्यामुळे शाईचे थेंब गोळा होतात आणि ठसा ठिपक्याठिपक्यांनी उमटतो. खोडरबर हलकेच फिरवले की तक्रार मिटते. नवशिक्याला मात्र वाटते की शाईच वाईट आहे.

शाई : या कलेतली बरीचशी फजिती शाई आणि कागद यांची जोडी न जमल्याने होते, हात कच्चा असल्याने क्वचितच. रंजकद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेली डाय शाई कागदात मुरते आणि लगेच सुकते. पण ती अर्धपारदर्शक असते, गडद कागदावर दिसत नाही आणि उन्हात फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे कण तरंगत असतात. ती कागदाच्या वर बसते, रंग भरीव दिसतो, पांढरी शाई काळ्या कागदावरही उठते. तिचा दोष म्हणजे ती सावकाश सुकते. गुळगुळीत चकचकीत कागदावर तर उष्णता दिल्याशिवाय सुकतच नाही. काच, धातू, प्लॅस्टिक यांवर ठसा हवा असेल तर द्रावकयुक्त, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या रसायनात कालवलेली शाई लागते.

रंग कशाने भरायचे हे ठसा उमटवण्याआधी ठरवावे लागते. 1987 साली जपानमध्ये निघालेल्या कॉपिकसारख्या अल्कोहोल मार्करने रंगवायचे असेल, तर बाह्यरेषेची शाई अल्कोहोलने न विरघळणारी हवी. जलरंग वापरायचे तर पाण्याला दाद न देणारी हवी. द्रावक शाईच्या रेषेवर अल्कोहोल मार्कर फिरवला, की काळी रेघ फिसकटून चेहऱ्यावर पसरते आणि मार्करचे टोकही काळे होते ते वेगळेच.

कागद : कार्डाचा पाया साधारण 220 ते 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असतो. ए-फोर कागद मधोमध कापून दोन ए-फाइव्ह तुकडे केले आणि प्रत्येक दुमडला, तर 105 × 148 मिलिमीटरचे कार्ड होते. ते 114 × 162 मिलिमीटरच्या सी-सिक्स लिफाफ्यात बसते. अमेरिकेत लेटर आकाराच्या कागदाचा अर्धा दुमडून 4.25 × 5.5 इंचांचे कार्ड करतात आणि त्याला ए-टू म्हणतात. आंतरराष्ट्रीय मापातला ए-टू हा भित्तिपत्रकाएवढा कागद असतो, त्याच्याशी या नावाचा काही संबंध नाही.

कागदाला तंतूंची दिशा असते आणि घडी त्या दिशेने घातली तर स्वच्छ बसते. ए-फोर कागदात तंतू बहुधा लांब बाजूला समांतर धावतात. असा कागद आडवा अर्धा करून दुमडला की घडी तंतूंना समांतर येते. तोच कागद उभा चिरून 105 × 297 ची पट्टी केली आणि मध्ये दुमडली, तर कार्डाचे माप तेच भरते, पण घडी तंतू मोडून जाते आणि कडेला पांढरी चिरफळी दिसू लागते. गडद कागदात तर ती लपतच नाही. म्हणून घडीआधी बोथट टोकाने रेघ दाबतात. रेघ दाबल्यावर कागदाच्या मागे जो बारीक उंचवटा उठतो, तो घडीच्या आतल्या बाजूला राहिला पाहिजे. नवखे लोक नेमकी उलटी, खळीच्या बाजूने घडी घालतात. शेवटी हाडाच्या किंवा टेफ्लॉनच्या पट्टीने घडी चेपतात.

ठसा उमटवणे : मोठा ठसा पॅडवर आपटण्याऐवजी उताणा धरून पॅड त्याच्यावर टिपत नेतात, म्हणजे शाई सारखी लागते आणि कडेच्या रबराला लागत नाही. कागदाखाली पातळ फोम ठेवायचा, ठसा सरळ खाली, सगळीकडून दाब, सरळ वर. हात जरा डोलला की चित्राभोवती ठशाच्या कडेची सावली उमटते. बिजागरीचे झाकण असलेल्या चौकटी आता मिळतात. त्यांत ठसा झाकणाला चिकटतो आणि कागद चुंबकाने जागेवर राहतो, त्यामुळे फिकट उमटलेला ठसा बरोबर त्याच जागी पुन्हा उमटवता येतो. या चौकटीने कलेतली मजा गेली असे म्हणणारेही आहेत. भरीव आकाराचे ठसे तिच्यावाचून एकसारखे उमटवणे मात्र खरोखर कष्टाचे होते.

एका ठशातून गर्दी निर्माण करण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. फुलांचा गुच्छ करायचा आहे आणि ठसा एकाच फुलाचा आहे असे समजा. जे फूल सगळ्यांत पुढे दिसायला हवे ते पहिल्यांदा उमटवायचे. तेच फूल सहज निघणाऱ्या चिकट चिठ्ठीवर उमटवून रेषेच्या किंचित आतून कापायचे आणि पहिल्या फुलावर बेमालूम बसवायचे. मग त्याच ठशाचा अर्धा भाग या मुखवट्यावर पडेल असा तो पुन्हा उमटवायचा. चिठ्ठी उचलली की दुसरे फूल पहिल्याच्या मागे गेलेले असते. चित्रात मागचे ते हातात नंतरचे, असा हा उलटा हिशेब आहे. मुखवटा रेषेच्या बाहेरून कापला, तर दोन फुलांच्या मध्ये पांढरी फट राहते. आणखी मागच्या फुलांसाठी ठसा आधी रद्दी कागदावर एकदा उमटवून उरलेल्या शाईने कार्डावर घेतात. रंग फिका येतो आणि अंतर भासते.

उष्णतेने उठाव देणे हा या छंदातला सर्वांत लोभस प्रकार. सावकाश सुकणाऱ्या शाईने ठसा उमटवून ती ओली असतानाच वर राळेची बारीक पूड टाकतात आणि जास्तीची झटकून डब्यात परत घालतात. हीट गनचा, म्हणजे गरम हवेच्या पिस्तुलाचा, झोत दिला की खरखरीत पूड एका क्षणी वितळून चकचकीत होते. हा बदल रेघेच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे पळत जाताना डोळ्यांना दिसतो. तेथून गन लगेच पुढे न्यायची. रेंगाळले तर पूड कागदात मुरते आणि उठाव बसून तेलकट डाग उरतो. केस वाळवायच्या यंत्राने हे काम होत नाही, कारण त्याचा वारा जास्त आणि उष्णता कमी, पूड वितळण्याआधी उडून जाते. कागदावर हाताचा ओलावा किंवा स्थिर विद्युतभार असेल तर नको तिथेही पूड चिकटते, म्हणून आधी कोरड्या पावडरीची पुरचुंडी फिरवतात.

कागदकामाचे इतर प्रकार ठशाच्या जोडीला येतात. धातूचा साचा आणि कागद दोन रुळांमधून दाबून हवा तो आकार कापणारी हातयंत्रे सर्वाधिक वापरात आहेत. संगणकाला जोडून पात्याने कापणारी यंत्रेही आहेत. कागदी पट्ट्या गुंडाळून केलेले क्विलिंग फार सुंदर दिसते, पण टपालात चेपते. पट्ट्या चक्राकार रचून डोळ्याच्या बाहुलीसारखी नक्षी करणारे आयरिस फोल्डिंग नेदरलँड्समधून पसरले. उघडताच उभे राहणारे आणि पट्टी ओढल्यावर सरकणारे भाग करायचे तर मापे चोख लागतात. उभा राहणारा भाग घडीपासून पुढे किती येतो हे आधी मोजले नाही, तर कार्ड बंद केल्यावर तो कडेबाहेर डोकावतो.

मांडणीत मोकळ्या जागेचा विचार फार थोडे लोक करतात. साहित्य जमत जाते तशी प्रत्येक कार्डावर फीत, मणी, चमकी, तीन प्रकारचे नक्षीकागद यांची गर्दी होते आणि शुभेच्छेचा मजकूर कुठेतरी कोपऱ्यात सापडतो. एक ठसा, एक मजकूर आणि पुष्कळसा कोरा कागद एवढ्यावर उभे राहिलेले कार्ड करणे अधिक अवघड असते, कारण त्यात ठशाचा दोष झाकायला काही नसते.

थर उचलण्यासाठी फोमची दुहेरी चिकटपट्टी वापरतात, आणि मग टपालखाते आडवे येते. ब्रिटनमध्ये साध्या पत्राची जाडी 5 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, अमेरिकेत पाव इंच. चौरस किंवा टणक उंचवटा असलेले पत्र तेथील छाननी यंत्रांतून जात नसल्याने जादा शुल्क पडते. सैनिकांना घरी लिहिण्यासाठी कोरी हस्तनिर्मित कार्डे पुरवणाऱ्या ‘ऑपरेशन राइट होम’ या अमेरिकी उपक्रमात चमकी लावलेली कार्डे स्वीकारत नसत.

ठशाचे चित्र विकत घेतले म्हणून त्यावरचा हक्क मिळत नाही. अनेक कंपन्या हाताने उमटवलेली कार्डे मर्यादित प्रमाणात विकण्याची मुभा देतात. या सवलतीला छंदी मंडळी ‘एंजल पॉलिसी’ म्हणतात. उमटवलेल्या चित्राची झेरॉक्स किंवा स्कॅन करून प्रती विकण्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते. संगणकावरून छापायच्या डिजिटल ठशांच्या अटी वेगळ्या असतात, आणि इंकजेट छपाईच्या रेषेवर ओला कुंचला लागताच ती पसरते हेही खरेदीआधी ठाऊक असावे.

कार्ड जपून ठेवायचे असेल तर आम्लमुक्त कागद आणि गोंद वापरतात. वृत्तपत्राचे तुकडे सजावटीत घेतले तर ते काही वर्षांत पिवळे होऊन शेजारच्या कागदालाही डागाळतात. ठसे उन्हापासून दूर ठेवावेत. रबर कालांतराने कडक होऊन तडकते, तर फोटोपॉलिमर पिवळसर पडते. पिवळेपणाने उमटण्यात काही फरक पडत नाही, चिकट झालेला ठसा मात्र टाकून द्यावा लागतो.