अंगणात गेलेली शाळा : अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणकार्याची पार्श्वभूमी

अनुताई वाघ १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी (आजचा पालघर जिल्हा) आल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि शिक्षिका म्हणून त्यांची जवळपास दीड दशकाची नोकरी झालेली होती. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांतच वैधव्य आल्यावर त्यांनी शिक्षणाची वाट धरली, प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण केले, आधी चांदवडला आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. ही सगळी चाकोरीतली अध्यापकी होती. बालशिक्षणाकडे त्या वळल्या त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्यामुळे, आणि ताराबाईंची सुरुवात गुजरातेत भावनगरला झाली, म्हणून त्यांच्या कामाची पार्श्वभूमी सांगायची तर आधी भावनगरला जावे लागते.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी १९०७ पासून जे प्रयोग केले होते, त्यांतले तत्त्व गिजुभाईंनी घेतले : मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते आणि मोठ्यांनी त्यासाठी योग्य परिसर उभा करावा. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातील प्राचार्यपद सोडून ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, पुढे 'शिक्षणपत्रिका' मराठीतही निघू लागली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला. मात्र या बालमंदिरांचा लाभ मुख्यतः शहरांतल्या सुस्थित घरांतील मुलांनाच मिळत होता, आणि साधनेही गरीब पालकांच्या आवाक्याबाहेरची होती. हीच पद्धत खेड्यात, तेही अत्यंत गरीब मुलांसाठी चालेल का, हा प्रश्न घेऊन ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई त्यांच्या सहकारी झाल्या.

काळ आणि ठिकाण दोन्ही साधे नव्हते. त्याच वर्षी उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा उठाव झाला होता, आणि ज्या समाजात मोठी माणसेच जमीनदाराच्या शेतावर राबत होती तिथे मुलांना वेळेवर, स्वच्छ होऊन बालवाडीत पाठवा असे सांगण्याला फारसा अर्थ नव्हता. ताराबाईंनी बालवाडीचे दोन प्रकार केले. एक ठरावीक जागी भरणारी केंद्रीय बालवाडी, आणि दुसरी वस्तीत, एखाद्या घरासमोर भरणारी अंगणवाडी. मुले येत नाहीत तर शिक्षिकेने जायचे, आणि शिकवण्याआधी अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हेही तिनेच करायचे. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. रंग, आकार, लहान-मोठे, कमी-जास्त हे सारे त्यांतून शिकवता येते. किंबहुना मुलाच्या ओळखीची वस्तू असल्याने ते अधिक सहज येते, असे माझे मत आहे.

१९५७ मध्ये हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे त्याला खरी कसोटी लागली. आदिवासी मुलांपैकी जी थोडी मोठी होती ती गुरे राखायला जात, आणि मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली : गुरे चरत असताना शिक्षिका साहित्य घेऊन रानातच जाई. भावंडांच्या प्रश्नावरचे उत्तर होते विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ठेवल्यामुळे धाकट्याला पाळणाघरात सोपवून थोरली बहीण वर्गात बसू शकत असे. शाळेतील गळतीचे कारण पालकांच्या अनास्थेत शोधण्याची सवय आजही सुटलेली नाही. कोसबाडला ते कारण मुलीच्या कडेवर दिसले आणि उपायही तिथूनच सुचला. पर्यायी शिक्षण म्हणून आज जे मिरवले जाते त्यात असे निरीक्षण क्वचितच आढळते.

नोकरीपुरते प्रशिक्षण घेतलेल्या अनुताईंचे स्वतःचे शिकणेही या काळात चालूच होते, बी. ए. त्या १९६१ मध्ये, एकावन्नाव्या वर्षी झाल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर केंद्राची धुरा अनुताईंकडे आली. बालसेविकांचे प्रशिक्षण, लेखन आणि वस्त्यांवरचे काम हे तिन्ही त्यांनी पुढे नेले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना मिळालेले अंगणवाडी हे नाव बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगांत आधीच रुळलेले होते. योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलांना पुढील उपचारांसाठी रुग्णालयात पाठवणे), आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. नाव देशभर पोहोचले, पण सहा सेवांच्या यादीत शिक्षण ही एक सेवा उरली, आणि कोसबाडला जी शिक्षिका दिवसाचा मोठा भाग मुलांसोबत घालवी तिच्या जागी आहार, वजन आणि नोंदवह्या सांभाळणारी सेविका आली. अनुताई मात्र २७ सप्टेंबर १९९२ रोजी झालेल्या निधनापर्यंत याच कामाशी जोडलेल्या राहिल्या.