‘वस्तुस्थिती’ असं छापलेलं एक पान

२००६ च्या मेअखेरीस नागपुरात ऊन असं होतं की दुपारच्या खेळाला निम्मे लोक सिनेमासाठी आणि निम्मे गारव्यासाठी जात. येशूचं त्याची शिष्या मग्दालीया मरीया हिच्याशी लग्न झालं होतं आणि चर्चनं ते दडवलं, असं सांगणारा ‘द दा विंची कोड’ पाहून मी सदर भागातल्या घरी आलो तर मावशी दारातच उभी. “काऊन गेल्ता तो सिनेमा पाह्यले?” मला तो कंटाळवाणा वाटला, हे ऐकून ती जास्तच चिडली. अपमान झाला म्हणालो असतो तर तिला माझ्याबरोबर चिडता आलं असतं. कंटाळ्याचं ती काय करणार?

तिचा राग येशूची गोष्ट कुणी नव्यानं सांगितली म्हणून नव्हता. नव्यानं सांगण्याची सवय आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून आलं. सगळं बायबल ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, ते अर्धवट राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. नाव पाहा: रामायणाच्या चालीवर. कुणी निषेध केला नाही, उलट आमच्या घरी ते कपाटात बायबलाशेजारी असे.

सिनेमाचंही तसंच. दादासाहेब फाळक्यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर येशू सरकत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीचं मूळ एका ख्रिस्तपटाशी जाऊन भिडतं. १९७८ चा तेलुगू ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ झाला आणि चादरीचा पडदा बांधून गावोगाव दाखवला गेला. त्यातला येशू तेलुगू चेहऱ्याचा होता, लोक तरी रडले.

मग बिनसलं कुठे? पहिला मोठा भडका १९८८ चा. ग्रीक लेखक कझान्झाकिसच्या कादंबरीवरून मार्टिन स्कोर्सेसीनं ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ काढला. क्रुसावरच्या येशूला संसाराचा मोह होतो, एवढ्यावरून पॅरिसमध्ये चित्रपटगृह पेटवलं गेलं. मूळ कादंबरी तर व्हॅटिकननं १९५४ मध्येच निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकली होती. पण स्कोर्सेसीनं सुरुवातीलाच पाटी लावली होती की हा चित्रपट शुभवर्तमानांवर, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रांवर, आधारलेला नाही. पटो न पटो, माणूस स्वच्छ बोलला.

डॅन ब्राऊननं नेमकं उलट केलं. ‘द दा विंची कोड’ सिनेमा ज्यावरून निघाला, त्या २००३ च्या त्याच्या कादंबरीच्या आरंभी एक पान आहे, त्यावर ‘वस्तुस्थिती’ असं शीर्षक देऊन लिहिलंय की ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरी आहे. कथेत येशूच्या वंशाचं गुपित हीच संघटना जपते. मावशीचा राग, तिला तेव्हा नीट सांगता आला नाही तरी, या पानावर होता. ही संघटना पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थानं १९५६ मध्ये फ्रान्समधल्या आनमास गावी स्थापन केली. तिच्या सुरुवातीच्या मासिकात स्वस्त घरांतल्या भाडेकरूंच्या तक्रारी असत! प्राचीन म्हणून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलेली कागदपत्रं पुढे बनावट निघाली.

नागपूरकराला इथे हसू यावं असा एक योग आहे. आनमास ज्या ओत-साव्वा जिल्ह्यात आहे, त्याचंच मुख्य गाव आनसी. सदरच्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स तिथले, आणि त्यांच्या नावाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात तिथूनच आपल्याकडे आले. हे संत लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते मानले जातात. ब्राऊनसाहेबांनी एखादी मेणबत्ती लावायला हरकत नव्हती.

मग्दालीया मरीयेची गोष्ट थोडी वेगळी, इथे चर्चची बाजूही साफ नाही. ती वेश्या होती असं शुभवर्तमानांत कुठेच नाही. पोप ग्रेगरींनी ५९१ मधल्या प्रवचनात तिला लूकच्या शुभवर्तमानातल्या पापी स्त्रीशी एक करून टाकलं आणि पश्चिमेकडे तेच रुजलं. ती येशूची पत्नी असल्याचा पुरावा म्हणून कादंबरी बायबलाबाहेरच्या, फिलिपच्या नावावरच्या शुभवर्तमानाकडे बोट दाखवते. हा ग्रंथ १९४५ मध्ये इजिप्तच्या नाग हम्मादीजवळ सापडला (त्या ‘नाग’चा आपल्या नागनदीशी संबंध नाही). येशू तिचं चुंबन घेई, असं त्यात आहे. कुठे, ते सांगणाऱ्या शब्दाच्या जागी नेमकं भोक पडलंय. त्या भोकावर केवढा इमला! बाकी निकेयाला ३२५ मध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेत येशूचं देवपण काठावरच्या मतांनी ठरलं, हा कादंबरीतला दावा तर अगदीच पोकळ: तिथल्या श्रद्धापत्रावर सही नाकारणारे बिशप दोनच उरले होते.

गंमत अशी की चित्रपट कादंबरीपेक्षा मवाळ होता. ते पान त्यात नाही, आणि टॉम हँक्सचा प्राध्यापक काही दाव्यांवर शंकाही घेतो. पण पुस्तक तीन वर्षं सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळत होतं तेव्हा मोर्चा निघाला नाही. पुस्तक एकेकटा वाचतो, सिनेमा सगळं गाव बघतं, हेच त्याचं कारण असावं.

दिल्लीत माहिती-प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींना चित्रपट दाखवला. गोवा, तमिळनाडू, आंध्र, पंजाब, नागालँड यांनी बंदी घातली, महाराष्ट्रानं नाही. आंध्रची बंदी तिथल्या उच्च न्यायालयानं जूनमध्ये उठवली. आमच्यात तरी एकमत कुठे होतं? उत्तर भारतातल्या सहा प्रोटेस्टंट मंडळ्या १९७० मध्ये याच नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पण सिनेमा पाहावा की नाही यावर एका बाकावरच्या दोघांचंही जुळत नव्हतं.

सेन्सॉर बोर्डानं ‘ए’ प्रमाणपत्र दिलं आणि ही कथा काल्पनिक असल्याची पंधरा सेकंदांची पाटी सक्तीची केली. मावशीचं ‘वस्तुस्थिती’ला उत्तर म्हणाल तर एवढंच. मी पाहिलं तेव्हा ती पाटी लागली आणि अर्धे लोक अंधारात आपल्या खुर्चीचा नंबर शोधत होते.